खोलगटातली खाच

आमच्या आत्याला डेपोत सगळे चकतीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती!

चकती म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. प्रत्येक बसच्या वेगमापकामागे सकाळी तळहाताएवढी एक कागदी चकती बसवायची. दिवसभर ती घड्याळासारखी सावकाश फिरते आणि एक बारीक सुई तिच्यावर रेघ ओढत जाते. बस जोरात असेल तर रेघ कडेकडे सरकते, हळू असेल तर मध्याकडे, उभी असेल तर सगळ्यात आतल्या वर्तुळाला चिकटून राहते. संध्याकाळी या चकत्या आत्याच्या टेबलावर यायच्या आणि दुसऱ्या दिवशी ती भिंग लावून त्या वाचायची. कोणी कुठे गाडी पळवली, कोणी कुठे कचकन ब्रेक मारला, कोण चहाला दहा मिनिटं म्हणून उतरला आणि पंचवीस मिनिटांनी परत चढला, सगळं. एकतीस वर्षं तिने हेच काम केलं. ड्रायव्हर लोक तिच्या दारावरून जाताना उगाच खोकायचे.

तिची खोली टायरच्या गोदामाला लागून होती. आत गेलं की आधी रबराचा वास, मग आत्या. भिंग तिने बुटाच्या काळ्या नाडीने गळ्यात अडकवलेलं असायचं. टेबलावर एक पारदर्शक पट्टी होती, तिच्यावरचे पहिले चार आकडे बोटांनी घासून पुसले गेले होते. खिडकीतून डेपोचं फाटक दिसायचं. त्या खिडकीबद्दल पुढे बोलायचंच आहे.

एकदा एक नवा ड्रायव्हर तावातावाने आत आला. त्याच्यावर वेग जास्त ठेवल्याचा ठपका होता. "बाई, ही रेघ बघा ना, सरळ आहे! सरळ म्हणजे गाडी उभीच होती की!"

आत्याने भिंगातून वर पाहिलं. "सरळ आहे, पण ऐंशीवर सरळ आहे. तुझी बस ऐंशीच्या वेगाने उभी राहते होय रे?"

एक साहेब तर तिच्यापेक्षा मोठ्या पगाराचे. त्यांनी खाली जाणारी रेघ पाहिली आणि म्हणाले, इथे उतार लागलेला दिसतो. आत्या त्यांना काही बोलली नाही, पण ते गेल्यावर मला म्हणाली, "रेघ खाली गेली म्हणजे रस्ता खाली गेला असं नसतं, भवाने. रेघ रस्त्याची नाही, वेगाची आहे. आधी कडेला काय लिहिलंय ते वाचायचं, मग रेघेकडे बघायचं."

मी तेव्हा नऊ वर्षांची. मला धड पाढे येत नव्हते, पण चकती वाचता यायची. रेघ उभी कोसळली की ब्रेक. रेघ हळूहळू उतरली की ब्रेक नाही, नुसता अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचललाय. चौकटीच्या कागदावर ती रेघ उतरवून तिच्याखालचे चौकोन मोजले की बस किती लांब गेली ते निघतं. आज मी शाळेत फिजिक्स शिकवते. पुस्तकात या प्रकरणाला बावीस पानं दिलीत. आत्याने मला ते टायरच्या वासात, शेंगदाणे खात खात शिकवलं होतं.

माझे बाबा त्याच डेपोत ड्रायव्हर होते आणि आत्याचे धाकटे भाऊ. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा बाबा चार वर्षांचे आणि आत्या चौदाची. तिनेच त्यांना वाढवलं. सायकल तिने शिकवली, मागून सीट धरून धावत. तिने लग्न केलं नाही, दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची, आणि बाबांची चकती कायम दोनदा तपासायची. कोणी म्हणायला नको, चकतीबाईचं आपल्या भावाकडे दुर्लक्ष होतं.

मी पंधरा वर्षांची असताना बाबांच्या चकतीवर खाच दिसायला लागली.

ती अगदी बारीक होती, भिंगाशिवाय दिसायची नाही. साठावर चाललेली रेघ मध्येच हळूच आत वाकायची, पन्नासच्या खाली यायची आणि पुन्हा साठावर जायची. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा. एका सुट्टीच्या दिवशी आत्या आमच्याकडे जेवायला आली होती. जेवता जेवता ती म्हणाली, "अरे, तुझ्या चकतीवर अधूनमधून सकाळी नऊनंतर एक खाच असते. काय करतोस तिथे?"

बाबांनी पाण्याचा पेला उचलला. "खोलगट नाही का तिथे, ताई? पुलापाशी. बस खाली जाते, वर येते."

आत्याने मान डोलावली. दुसऱ्या कोणी असं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मोजून बघते." भावाला म्हणाली नाही. आपला तो बाब्या, आणखी काय? पुढच्या आठवड्यात तर तिने ती खाच मला कौतुकाने दाखवली. "बघ, बस खोलगटात उतरली आणि चढून वर आली." मला ते फार आवडलं. रेघ अगदी खोलगटासारखीच दिसत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. साहेबांना हसलेली बाई रेघेत रस्ता बघत होती, आणि मी तिच्या शेजारी बसून माना डोलावत होते.

रविवारी मी बाबांबरोबर बसमध्ये जायची, त्यांच्या डाव्या हाताच्या पहिल्या सीटवर. तो माझा हक्काचा दिवस. असाच एक रविवार. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना झाडं, बस अर्धी रिकामी. बाबा मला त्यांच्या लहानपणची गोष्ट सांगत होते, आत्याने त्यांना शाळेत ओढत कसं नेलं त्याची. सांगता सांगता मध्येच थांबले. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. मला वाटलं, चिडवतायत. बस हळू व्हायला लागली. मी हाक मारली, त्यांना ऐकूच गेली नाही. मी आकडे मोजायला लागले, का ते देव जाणे. अकरा म्हटलं तेव्हा त्यांनी मान हलवली, बसने वेग घेतला आणि बाबा म्हणाले, "काय सांगत होतो गं मी?"

मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. तिसऱ्या थांब्यावर म्हणाले, "झोप पुरी होत नाही ना, पहाटेची पाळी. आत्याला सांगायचं नाही हं."

आईला सांगायचं नाही असं नाही म्हणाले. आत्याला. मी शपथ घेतली.

त्याच महिन्यात शाळेत परीक्षा झाली. प्रश्न होता: एक गाडी खोलगटातून जाते, तिचा वेग आणि वेळ यांचा आलेख काढा. मी हसले. मला हा प्रश्न म्हणजे घरचा अभ्यास! मी ऐटीत खाच काढली, खाली वाकलेली, गुळगुळीत. सरांनी त्यावर लाल फुली मारली आणि बाजूला लिहिलं, "आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र नव्हे. उतारावर वेग वाढेल की कमी होईल?"

माझा पारा चढला. शाळेतून मी थेट डेपोत गेले, आत्याने सरांना चार शब्द सुनवावेत म्हणून. "बघ ना, सरांना काही कळत नाही! बाबांच्या चकतीवर अशीच खाच येते की नाही?"

आत्याने पेपर हातात घेतला. लाल अक्षरं वाचली. मग भिंग लावून पुन्हा वाचली, जशी काही ती अक्षरं बारीक होती. उतारावर बसचा वेग वाढतो, हे तिला कळायला सरांची गरज नव्हती. खोलगटात बस शिरली तर रेघ आधी बाहेर फुगायला हवी, चढावर आत यायला हवी. पुलापाशी ब्रेक मारला तर ती उभी कोसळायला हवी. बाबांची रेघ फुगतही नव्हती, कोसळतही नव्हती. सपाट रस्त्यावर कोणीतरी नुसता पाय उचलून घ्यावा तशी ती उतरत होती.

तिने कपाटातून दहा आठवड्यांच्या चकत्या काढल्या आणि चौकटीच्या कागदावर उतरवायला घेतल्या. मी समोर बसून होते. दुपार कलली, पाळी बदलली, बाहेर बस धुवायचं पाणी वाहत होतं, आणि ती चौकोन मोजत होती. अकरा खाचा निघाल्या. एक पुलाच्या तीन किलोमीटर अलीकडे, एक पाच किलोमीटर पलीकडे, एक तर शहराच्या वेशीपाशी. बरोबर पुलावर एकही नव्हती.

तिने पट्टी खाली ठेवली. "तू रविवारी त्याच्या शेजारी बसतेस. तो कधी असा गप्प झालाय का गं? डोळे उघडे, पण माणूस तिथे नाही, असा?"

मला तेव्हा सगळं एकदम कळलं. खाच म्हणजे काय, बसमध्ये मी मोजलेले ते अकरा आकडे म्हणजे काय. आणि मी म्हणाले, "नाही."

"खरं सांग."

"नाही म्हटलं ना!"

शपथ होती, हे खरं. पण नुसती शपथ नव्हती. माझा रविवार जाईल, ती सीट जाईल, ही भीती होती. आज मागे वळून बघते तेव्हा त्या मुलीच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आत्या "बरं" म्हणाली आणि तिने अहवाल लिहायला घेतला. त्यात तिने भावाचं लिहिलं तसं स्वतःचंही लिहिलं: या खाचा मी दहा आठवडे पाहिल्या आणि न मोजता खोलगट समजून सोडून दिल्या. एकतीस वर्षांत तिच्यावर आलेला तो एकमेव ठपका, आणि तोही तिनेच स्वतःवर आणलेला.

डॉक्टरांनी बाबांच्या डोक्याला तारा लावल्या, दोनदा तपासलं. काही सापडलं नाही. "नाही असंही सांगता येत नाही," ते म्हणाले. नियम असा होता की शंका असेल तर चाक हातात द्यायचं नाही. बाबांना फाटकावरच्या खोक्यात बसवलं. कोणती बस किती वाजता बाहेर गेली, किती वाजता आत आली, एवढं वहीत लिहायचं. पहाटेची पाळी सुटली, झोप पुरी व्हायला लागली, आणि तो प्रकार थांबलाच. म्हणजे त्यांचा त्रास थांबला आणि आत्याचा पुरावाही.

त्या दिवसापासून बाबा आत्याशी बोलले नाहीत. पहिल्या दिवशी खोक्यात बसताना त्यांनी स्टूल फिरवून घेतलं आणि तिच्या खिडकीकडे पाठ केली. आत्या निवृत्त होईपर्यंत रोज, आठ-आठ तास, समोर ती पाठ बघत चकत्या वाचत होती.

आई म्हणायची, "तुम्ही बहीणभाऊ जाणे आणि तुमची चकती जाणे." आत्या माझ्या हाती डबा पाठवायची. बाबा तो चाटूनपुसून खायचे आणि स्वतः घासून परत द्यायचे, आईलाही हात लावू द्यायचे नाहीत. पण निरोप एका शब्दाचाही नाही. समोरून ती येताना दिसली की ते गल्ली बदलायचे.

आणि आत्या, जिने आयुष्यात आपल्या रेघेवर संशय घेतला नव्हता, ती आतून पोखरली जाऊ लागली. निवृत्तीनंतर ती त्या मार्गावरच्या बसमध्ये पुढे बसून बारा वेळा जाऊन आली. हातात घड्याळ, मांडीवर वही, ड्रायव्हरच्या खांद्यावरून काट्याकडे नजर. बाराही वेळा खोलगटात वेग आधी वाढला. तरी घरी येऊन मला विचारायची, "पण तो माझ्याशी खोटं कशाला बोलेल गं? मी वाढवलंय त्याला." रेघ खरी मानावी तर भाऊ खोटा पडत होता, आणि भाऊ खरा मानावा तर आपण त्याचं आयुष्य बसल्या जागी नासवलं, असं होत होतं. तिने दुसरं मानायला सुरुवात केली. "माझंच काही चुकलं असेल," ती म्हणायची. चकतीबाई असं म्हणायची! मी समोर बसून चहा प्यायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळसा होता माझ्या काखेत. सुरुवातीला बाबांची भीती होती. मग वर्षं साचत गेली तशी त्या वर्षांचीच भीती वाटायला लागली. आज सांगितलं तर ती विचारेल, काल का नाही सांगितलंस?

अशी चौदा वर्षं गेली.

आत्या हॉस्पिटलात होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. दुपारी मी तिच्या खाटेपाशी बसून मुलांचे पेपर तपासत होते. मी दर वर्षी तोच प्रश्न घालते, खोलगटाचा. तिने हात पुढे करून एक पेपर घेतला. नाडीतलं भिंग अजून गळ्यात होतं, नर्सशी भांडून ठेवलेलं. पेपर बघून ती हसली. "अजून खाचच काढतात?"

"अर्धा वर्ग."

"रागावतेस?"

"नाही."

छताकडे बघत तिने विचारलं, "माझं चुकलं होतं का गं?"

मी लगेच मास्तरीण झाले. रेघेचा उतार किती सौम्य होता, ब्रेक असता तर रेघ कशी दिसली असती, अंतर कसं जुळत नव्हतं, सगळं सांगायला लागले. तिने मला थांबवलं. "ते मला नको शिकवूस. मीच तुला शिकवलंय. रेघ मला कळते. मी तुला माणसाचं विचारतेय. तू त्याच्या शेजारी बसायचीस."

मग मी सांगितलं. सरळ रस्ता, अर्धवट राहिलेली गोष्ट, हलणारे ओठ, अकरा आकडे, शपथ. ती गोष्ट तिच्याबद्दलच होती, हेही सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघू शकले नाही, पेपरांच्या गठ्ठ्याकडे बघत होते.

तिने गळ्यातलं भिंग मुठीत धरलं. मग म्हणाली, "म्हणजे खोलगट नव्हतंच."

"नव्हतं, आत्या."

"चौदा वर्षं गं." एवढंच म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोसलं असतं. तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

मी निघाले तेव्हा तिने हाक मारली. डोळे पुसून झाले होते. "त्याला सांगू नकोस, मला कळलं म्हणून. माझ्याशी खोटं बोलला हे मला माहीत आहे म्हटल्यावर फार लाजेल. लहानपणापासून तसाच आहे तो. शपथ घे."

मी शपथ घेतली. मी शपथा फार छान पाळते.

आठ दिवसांनी आत्या गेली.

तिला पोचवून आल्यावर बाबा तिच्या घराच्या पायरीवर बसले. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या पायरीवर. मी कुलूप काढत होते. ते म्हणाले, "तू तिला तेव्हाच सांगितलंस ते बरंच केलंस. मी कधी तुझ्यावर रागावलो नाही."

"काय सांगितलं?"

"बसमधलं. माझं. नाहीतर नुसत्या खाचेवरून ताई माझं चाक काढून घेईल होय? तिला कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितल्याशिवाय?" ते हातातल्या हातात बोटं मोडत होते. "तिला सगळं माहीत होतं आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोललो होतो. कुठल्या तोंडाने तिच्याकडे बघायचं? स्टूल फिरवलं ते त्यासाठीच. मला वाटायचं, आज येईल, उद्या येईल, कान धरेल, म्हणेल, खोटं बोललास ना माझ्याशी? आणि मी म्हणेन, हो ताई. तेवढंच राहिलं होतं. ती आलीच नाही. फार दुखावली असणार."

किल्ली माझ्या हातातच राहिली. चौदा वर्षं आम्ही ती पाठ बघितली आणि तो राग आहे असं वाचलं. कडेला काय लिहिलंय ते कोणीच बघितलं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "मी तेव्हा नाही म्हणाले होते. तिला काही माहीत नव्हतं. तिला वाटत होतं तुम्ही खरे आणि तिचीच चूक. मी तिला आत्ता सांगितलं, हॉस्पिटलात."

"आत्ता म्हणजे?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस ती..." ते थांबले. मला वाटलं, पुन्हा तसंच झालं. पण नाही, डोळ्यांत माणूस होता. "आणि मला नाही सांगितलंस?"

"तिने शपथ घातली होती. तुम्ही लाजाल म्हणून."

समोरच्या गल्लीतून एक सायकल गेली, ती वळेपर्यंत बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हॉस्पिटल इथून चालत किती गं?"

त्यांना माहीत होतं. चौदा वर्षं कोण किती वाजता निघालं आणि किती वाजता पोचलं हेच ते लिहीत आले होते.

"बारा मिनिटं," मी म्हटलं.